ग्रामपंचायतीची इमारत बांधताय? आधी ऊन बघा

नकाशा काढण्याआधी मे महिन्यात दुपारी चारला जागेवर जाऊन उभे राहा. विदर्भात मी बांधकामांवर देखरेख करतो आणि प्रत्येक सरपंचांना हेच सांगतो: खरा वैरी पश्चिमेचं ऊन. त्या अंगाला खिडक्या नकोत. जिना, संडास, दप्तराची खोली तिकडे टाका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं (पूर्वीचे ग्रामसेवक) टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, दिवसा दिवा लावावा लागत नाही. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, दक्षिणेला अडीच फुटी छज्जा द्या.

माझ्या पहिल्या कामात स्लॅब उघडाच राहिला. संध्याकाळी सहालाही गच्चीवर पाय ठेववत नसे, आणि खाली दाखल्यासाठी आलेली म्हातारी माणसं पदराने, टोपीने वारा घेत बसायची. ते अजून मनाला लागतं. आता वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर घातल्याशिवाय मी काम सोडत नाही.

पंखे बीएलडीसीच, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचेच घ्या. जुना 75 वॅट खातो, हा 30च्या आसपास. सौर पॅनेल त्यानंतर. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. पाण्याची टाकी पॅनेलच्या उत्तरेला बसवा, नाहीतर हिवाळ्यात तिचीच सावली पडते.