आधी जुना फ्लॅट विकावा की नवा घ्यावा? निर्णय कसा करावा

नवा फ्लॅट पसंत पडलाय, समोरचा टोकन मागतोय आणि जुना अजून विकायला काढलेलाही नाही. अशा वेळी दोन आकडे कागदावर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिला, जुनं घर न विकता तुम्ही किती रोख उभी करू शकता. दुसरा, दोन्ही घरांचा खर्च किती महिने पेलू शकता.

1. आधी रोख मोजा

समजा, कोथरूडच्या जुन्या फ्लॅटला 80 लाख येतील, त्यावर 15 लाखांचं कर्ज बाकी आहे आणि बाणेरला 1 कोटी 30 लाखांचा रीसेल फ्लॅट घ्यायचाय. कर्ज 75 लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. म्हणजे फार तर 97.5 लाख. उरलेले 32.5 लाख तुमचे. पुणे महापालिका हद्दीत 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 9.1 लाख, नोंदणी शुल्क 30 हजार, एजंटचे 1 टक्का धरले तर 1.3 लाख. एकूण 43.2 लाख, तेही जुन्या घराचा एक रुपया हाती येण्याआधी. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही. हिशोब सर्वात जास्त इथेच चुकतो. शिवाय बँकेच्या मूल्यांकनात किंमत करारापेक्षा कमी निघाली, तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

ही रोख पीएफ, सोनं आणि आणीबाणीच्या ठेवी मोडून उभी राहणार असेल, तर आधी विका.

2. दुहेरी हप्त्याचे महिने मोजा

97.5 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता 8.5 टक्के दराने साधारण 84,600 रुपये. जुन्या कर्जाचा हप्ता 20 हजार असेल आणि दोन्हीकडचा मेंटेनन्स धरला, तर महिन्याला लाखाच्या वर जातात. नव्या कर्जाची पात्रता ठरवताना बँक जुना हप्ताही मोजते, त्यामुळे पूर्ण 97.5 लाख मंजूर होतीलच असं नाही.

आता दुसरी बाजू. आधी विकलं तर कर्ज आणि कमिशन वजा जाऊन सुमारे 64 लाख हातात राहतात. ते सगळे नव्या घरात घातले, तर शुल्क आणि एजंटचे पैसे धरूनही नवं कर्ज साडेशहात्तर लाखांवर येतं आणि हप्ता 66 हजारांच्या आसपास. मधले चार महिने 30 हजार भाड्याने राहिलात तर 1.2 लाख आणि दोनदा सामान हलवण्याचा खर्च. त्रास आहे, मुलांच्या शाळेची बस बदलते, घरात म्हातारी माणसं असतील तर जास्तच. पण दुहेरी हप्त्याच्या धसक्याने जुना फ्लॅट 5 टक्के पाडून विकावा लागला, तर एका झटक्यात 4 लाख जातात. जुन्या घरावर कर्ज बाकी असलेल्या नोकरदारांनी म्हणूनच आधी विकणं आम्हाला बरं वाटतं. कर्जमुक्त घर आणि हाताशी वर्षभराच्या हप्त्यांएवढी ठेव असेल, तर आधी घ्यायला हरकत नाही.

3. जुना फ्लॅट खरंच किती दिवसांत जाईल?

ते कागदांवर ठरतं. बिल्डरपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र एका फाइलमध्ये लावा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका खरेदीदाराला कर्ज देत नाहीत आणि गिऱ्हाईक एकदम कमी होतं.

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि तिच्याकडच्या कागदांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक आधी तुमच्या बँकेचं कर्ज फेडते. त्यानंतर मूळ कागद 30 दिवसांत परत देणं तुमच्या बँकेवर बंधनकारक आहे, पण तेवढे दिवस धरूनच चाला. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर, कापतो. 80 लाखांत 80 हजार लगेच हाती येत नाहीत.

4. कराची तारीख

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचं घर विकून झालेला नफा नव्या घरात गुंतवला तर कर वाचतो. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं. बांधणार असाल तर नंतर तीन वर्षांत. म्हणजे आधी घेतलंत तर जुनं विकायला बाराच महिने. तेराव्या महिन्यात विकलं, तर त्या खरेदीवर सवलत नाही. आधी विकलं आणि रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर ते बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या, म्हणजे अशा नफ्यासाठीच्या खास, खात्यात ठेवावे लागतात. साधी एफडी चालत नाही.

5. मधला मार्ग

काही बँका ब्रिज लोन, म्हणजे जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, देतात, पण ते थोड्या मुदतीचं असतं आणि दरही सहसा गृहकर्जापेक्षा चढा. जुन्याचं गिऱ्हाईक नक्की झालं असेल तरच घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे जुना विकून त्याच घरात तीन महिने लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर, राहणं. करार नोंदवून घ्या. घर सोडण्याची तारीख आणि उशीर झाल्यास रोजचा दंड त्यात लिहा, म्हणजे खरेदीदारही निर्धास्त राहतो.

नव्या घराचं टोकन मात्र तोंडी शब्दावर देऊ नका. जुन्याच्या खरेदीदाराचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र स्वतः पाहा, नुसतं “बँकेचं झालंय” पुरत नाही. विसार पावतीत (टोकन दिल्याच्या लेखी पावतीत) तुमचं कर्ज नाकारलं गेलं तर किती दिवसांत रक्कम परत मिळेल ते लिहून घ्या. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मागितले तर आधी करारनामा नोंदवायला सांगा.