टॅप इमेज वाचायला घेताय? आधी विषम रेकॉर्ड बघा

सिम-एचवर, म्हणजे जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, जुनं युनिक्स बूट झालं की पुढचा मोह ठरलेला: टेपच्या इमेज, म्हणजे जुन्या चुंबकीय टेपची फाइलीत उतरवलेली नक्कल, वाचणारा स्वतःचा प्रोग्राम. लिहाच. सिम-एचच्या टॅप (.tap) इमेज फाइलची मांडणी एका पानात मावते. प्रत्येक रेकॉर्डसाठी, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिलेल्या तुकड्यासाठी, आधी चार बाइटमध्ये त्याची लांबी, मग डेटा, मग पुन्हा तीच लांबी, लिटल एंडियन, म्हणजे सर्वांत लहान किमतीचा बाइट आधी. लांबीच्या जागी चारही बाइट शून्य म्हणजे टेपमार्क, टेपवरच्या फाइली वेगळ्या करणारी खूण. चारही एफएफ म्हणजे टेप संपली. लांबी दोनदा का, तर टेप एक रेकॉर्ड मागेही सरकवता यायची आणि इमेजमध्येही तसं उलटं चालता यायला हवं.

मी अडकलो तो खड्डा पुढेच आहे. रेकॉर्डची लांबी विषम असेल तर डेटानंतर एक भरतीचा बाइट येतो आणि तो लांबीत धरलेला नसतो. वाचताना हे किरकोळ वाटतं. विसरलात तरी प्रोग्राम चालतो, कारण टेपची लेबलं ८० बाइटची, टार या युनिक्सच्या संग्रह-फाइलींचे ब्लॉक सहसा १०२४०चे, सगळं सम. मग कधीतरी ८१ बाइटचा रेकॉर्ड येतो. त्याची मागची लांबी हेक्समध्ये ५१ ०० ०० ००. भरतीचा बाइट शून्य असेल आणि तुम्ही तो ओलांडला नाहीत, तर वाचली जाते ०० ५१ ०० ००, म्हणजे २०७३६. बरोबर २५६ पट! तिथून पुढे सगळा कचरा, आणि आपण खापर फोडतो बिचाऱ्या टेपवर.

उलटा घोळही होतो. ई११ या दुसऱ्या एम्युलेटरची मांडणी हुबेहूब अशीच, फक्त भरतीचा बाइट नाही. त्यामुळे फाइलच्या नावावर विसंबू नका. घाबरूही नका: पुढची-मागची लांबी जुळली नाही, तर एक बाइट इकडेतिकडे सरकून बघा, बहुतेकदा उलगडा तिथेच होतो. टीपीसी या आणखी एका इमेज-मांडणीत मात्र ही सोय नाही; तिथे पुढे दोन बाइटची लांबी, मागे काहीच नाही.

‘डीडी मार आणि मोकळा हो’ सांगणारे सीनिअर भेटतील; डीडी म्हणजे टेपवरचा डेटा सलग एका सपाट फाइलीत उतरवणारी युनिक्सची आज्ञा. ऐकू नका. सपाट फाइलीत रेकॉर्डच्या सीमा पुसल्या जातात, आणि ब्लॉक वेगवेगळ्या मापांचे असतील तर त्या परत मिळवणं फार अवघड. तयार स्क्रिप्टपेक्षा हेक्स एडिटर बरा.

चाचणीसाठी १, २ आणि ८१ बाइटच्या रेकॉर्डची इमेज हाताने बनवा. एका बाइटचा रेकॉर्ड फाइलीत १० बाइट खातो. ती उलटीही वाचून बघा. मागे येतानाही तो भरतीचा बाइट ओलांडावा लागतो.