रस्ता रुंदीकरणात सरकारी जागा येत असेल, तर भिंतीला हात लावण्याआधी हे वाचा

मराठवाड्यातल्या महापालिकांत नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी आणि नगररचनेतल्या मुलामुलींसाठी लिहितोय. विकास योजना, महापालिका कायद्यातल्या कलम २१० ची रस्तारेषा (रस्त्याची हद्द ठरवणारी रेषा) तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

लोकांची घरं पाडण्यापेक्षा सरकारी आवाराची भिंत मागे घेतलेली बरी. कुणाचा संसार उघड्यावर येत नाही. पण जागा सरकारी आहे म्हणजे महापालिकेची आहे, असं नव्हे! माझी पहिली फाईल इथेच अडकून पडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिळकत पत्रिकेवर, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकीच्या नोंदीवर, नुसतं ‘सरकार’ लिहिलेलं असतं. ताबा बांधकाम खात्याचा, जलसंपदाचा, पोलिसांचा, कुणाचाही असतो. आत बसलेले साहेब ‘आमची हरकत नाही’ असं पत्र देतात, पण जमीन देण्याचा अधिकार त्यांचा नसतो. महसूलची जमीन असेल तर प्रस्ताव तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, गरज पडली तर पुढे शासनाकडे. रेल्वेची किंवा छावणीची असेल तर प्रकरण केंद्राचं. ना-हरकत पत्र वेगळं, ताब्याचा आदेश वेगळा. नुसत्या पत्रावर जेसीबी बोलावू नका. ठेकेदार घाई करतो, वरिष्ठ ‘कागद मागून करू’ म्हणतात. उद्या त्यांची बदली होईल, मोजमाप पुस्तिकेवर (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) सही मात्र तुमचीच असेल.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळे खासरा पत्रक (जमिनीच्या कब्जाची जुनी नोंद), मुंतखब (इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला दस्त) असे जुने कागद बघावेच लागतात, आणि त्यातले कितीतरी उर्दूत असतात. आज सरकारी वाटणारी जागा मुळात इनामी किंवा वक्फची निघू शकते. उर्दू वाचणारा एखादा निवृत्त भूकरमापक गाठा. माझ्या मते दहा सल्लागारांपेक्षा तो एकटा जास्त कामाचा.

मोजणीला स्वतः उभे राहा. भिंतीवरची लाल खूण आणि नकाशावरची रेषा टेप लावून तिथल्या तिथे ताडा, विशेषतः कोपऱ्यावर आणि विजेच्या डीपीपाशी.

घाबरू मात्र नका. आदेश हातात आला की काम झपाट्याने होतं. नवी भिंत, गेट आणि झाडांच्या परवानगीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा, कारण ते खातं हे मागणारच. आणि ताबा घेतला की लगेच नगर भूमापनात नोंदीचा अर्ज टाका. नाहीतर मिळकत पत्रिकेवर रस्त्याची जागा त्याच कार्यालयाच्या नावावर राहते, आणि पुढे गटाराचं काम काढणाऱ्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.