मुंगीच्या चालीवरून तापमान: नागपूरच्या मुलामुलींनी घरच्या भिंतीवर करायचा प्रयोग

मुंग्यांच्या रांगेचा वेग नीट मोजला, तर त्यावरून हवेचं तापमान सांगता येतं. हार्लो शॅप्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९२० साली हे प्रसिद्ध केलं. रात्री तो कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन या डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीवर काम करायचा आणि दिवसा वेधशाळेच्या भिंतीवरच्या मुंग्यांना घड्याळ लावायचा. तापमान ३० अंशांनी वाढलं की त्या मुंग्यांचा वेग सुमारे पंधरा पट होत होता, म्हणजे सरासरीने दर १० अंशांना अडीच पट. आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही हे दाखवणारा शास्त्रज्ञही हाच.

शॅप्लीचं लहानपणीचं शिक्षण खेड्यातल्या शाळेत आणि तेही थोडंच झालं. पुढे त्याने वर्तमानपत्रात बातमीदारी केली आणि राहिलेली शाळा नंतर पूर्ण केली. विद्यापीठात तो पत्रकारिता शिकायला गेला, पण तो विभाग सुरू व्हायला अजून एक वर्ष होतं, म्हणून त्याने खगोलशास्त्र घेतलं. "मुंग्या मोजणं हे कसलं विज्ञान?" असं कोणी विचारलं तर त्याला शॅप्लीबद्दल जरूर सांगा.

या प्रयोगासाठी नागपूरसारखं गाव मिळणं भाग्याचं आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या आसपास आणि मेच्या दुपारी ४५ च्या वर, एवढा मोठा पल्ला एकाच अंगणात मिळतो.

सामान थोडंच लागतं. शिवणकामाची टेप, पेन्सिल, वही, स्टॉपवॉच असलेला कोणताही मोबाइल आणि एक थर्मामीटर. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून लाल स्पिरिटचा काचेचा थर्मामीटर घ्या. पाऱ्याचा घेऊ नका, फुटला तर पारा घरात पसरतो. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशच दाखवतो. मोबाइलवरचा हवामानाचा आकडाही वापरू नका. तो शहराचा असतो, तुमच्या भिंतीचा नसतो.

थर्मामीटर आणल्यावर आधी तपासा. पेल्यात बारीक फोडलेला बर्फ भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, तीन मिनिटं ढवळा आणि फुगा (थर्मामीटरचं खालचं, द्रव भरलेलं टोक) बर्फात बुडालेला असतानाच वाचा. शून्याऐवजी १.५ दिसलं, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून १.५ वजा करायचं. उकळत्या पाण्याची तपासणी फक्त १०० अंशांच्या पुढे जाणाऱ्या थर्मामीटरनेच करा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या जवळपास उकळतं. ही तपासणी टाळू नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली आणि मग हवामान विभागाने सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं. मोठ्या यंत्रणेचं उपकरण चुकतं, तर आपलंही चुकू शकतं.

आता रांग निवडा. दिवसभर सावलीत राहणारी भिंत हवी, शक्यतो उत्तरेकडची किंवा व्हरांड्यातली. ऊन पडणारं सिमेंट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, मग मुंगी एका तापमानावर चालते आणि आपण दुसरंच लिहितो. थर्मामीटरचा फुगा रांगेपासून चार बोटं दूर, भिंतीला टेकवून दोऱ्याने बांधा. वाचताना तोंड जवळ नेऊ नका, श्वासानेही आकडा चढतो.

सगळ्या मुंग्या या कामाच्या नाहीत. लांब पायांच्या, सैरावैरा पळणाऱ्या काळ्या मुंग्या सोडून द्या, त्या सरळ रेषेत चालतच नाहीत. मुंगळ्यांच्या एकाच रांगेत लहानमोठे आकार असतात आणि मोठा मुंगळा सहसा जोरात चालतो, म्हणून घेतलेच तर एकाच आकाराचे घ्या. एकसारख्या आकाराच्या मुंग्यांची ठरलेली रांग सर्वांत बरी. शास्त्रीय नाव माहीत नसेल तर अडत नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून फोटो काढा, ओळख नंतर पटवता येते.

भिंतीवर ३० सें.मी. अंतरावर पेन्सिलच्या दोन बारीक खुणा करा, त्याही रांगेच्या बाजूला. रांगेवर आडवी रेघ ओढली की वासाची वाट मोडते आणि मुंग्या तिथे घुटमळतात. खडू तर नकोच, त्याची भुकटी त्या टाळतात. अंतर ३० सें.मी. घेण्यामागे कारण आहे. बटण दाबताना साधारण ०.२ सेकंदाची चूक होते. मुंगीला १० सेकंद लागत असतील, तर ही चूक २ टक्के आहे. अंतर १० सें.मी. केलं, तर वेळ ३.३ सेकंद होतो आणि तीच चूक ६ टक्क्यांवर जाते.

एका तापमानाला वीस मुंग्या मोजा, दहा जाणाऱ्या आणि दहा येणाऱ्या. दाणा किंवा साखरेचा कण ओढणाऱ्या मुंगीसाठी वेगळा रकाना ठेवा. मध्येच थांबलेली मुंगी मोजायची नाही हे आधीच ठरवा, पण अशा किती सोडल्या तो आकडा लिहा. आपल्याला हवा तसा वेळ आला नाही म्हणून नोंद खोडणं ही या प्रयोगातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती नकळत होते. तापमान सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्या. एका अंशाहून जास्त फरक पडला तर तो संच बाजूला ठेवा.

हिवाळ्यात एका दिवसातच बरंच काम होतं. सकाळी साडेसहा, नऊ, साडेअकरा, दोन आणि सूर्यास्त अशा पाच वेळा घ्या. पहाटे रांग नसेल तर "रांग नाही, ११ अंश" असं लिहा, तीही नोंदच आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच बाहेर बसा. भर दुपारचे आकडे घराच्या आतल्या भिंतीवर घ्या. अंगण नसेल किंवा संध्याकाळी बाहेर थांबायला घरून परवानगी नसेल, तर गॅलरी आणि मोरीची भिंतही चालते. फक्त घरच्यांना आधी सांगा, नाहीतर फिनाइलच्या एका फडक्यात आठवड्याची रांग जाते.

प्रत्येक संचातले वीस वेग चढत्या क्रमाने लावा आणि दहाव्या-अकराव्याची सरासरी, म्हणजे मध्यक घ्या. एखादी रेंगाळणारी मुंगी साध्या सरासरीला ओढून नेते, मध्यकाला नाही. आलेख कागदावर आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर सें.मी. प्रति सेकंद मांडा. बिंदूंमधून सरळ रेघ जाण्याऐवजी वर वळणारी रेघ निघेल. मुंगीचं शरीर स्वतःची उष्णता राखत नाही, हवा तापली की तिच्या स्नायूंमधल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. उष्ण बाजूला ही वाढ मंदावते, आणि एका मर्यादेनंतर मुंग्या रांगच सोडतात. नागपूरच्या मुंग्या ती नेमकी किती अंशांना सोडतात ते शोधा. तुमच्या भिंतीवर ते जमू शकतं.

शेवटची परीक्षा उलटी घ्या. थर्मामीटर मैत्रिणीकडे द्या, स्वतः फक्त दहा मुंग्या मोजा आणि आलेखावरून तापमान सांगा. दोन अंशांच्या आत आलात तर आलेख चांगला आहे. पाच अंश चुकलात तर आधी बघा, भिंतीवर ऊन आलं होतं का किंवा रांग दुसऱ्याच जातीची होती का.

हे काम १० ते १७ वयाच्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मांडता येतं. तिथे मुख्य विषय ठरवून दिलेला असतो, त्यामुळे आधी शिक्षकांकडून तो विषय घ्या आणि मुंग्यांचं काम त्यात कुठे बसतं ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. वही मराठीतच ठेवा. मात्र शेवटच्या दोन पानांवर दोन रकाने आखून मध्यक, वेग, अचूकता, चल असे शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द लिहीत जा. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून घ्यावं लागलं, तर हे शब्द आधीच हातचे झालेले असतात.