कळसूबाईला जाताय? आधी उतरायचा सराव करा

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून पहाटे निघायचं, लोखंडी शिड्या चढायच्या आणि वर देवीच्या छोट्याशा देवळापाशी गार वारा अंगावर घेत बसायचं. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

चढताना दम लागतो, पण थांबलं की तो ओसरतो. पाय खरे भरतात ते उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो तो यामुळेच. म्हणून ट्रेकच्या तीन-चार आठवडे आधीपासून, एक दिवसाआड, इमारतीचे चार-पाच मजले चढा आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. सावकाश, गुडघा किंचित वाकवून, पाऊल न आपटता उतरा. शेवटच्या आठवड्यात पाठीवर भरलेली सॅक घ्या. गुडघा आधीच दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतरणीला पाऊल बुटात पुढे सरकतं, वाढलेलं नख टोकाला घासतं आणि काळंनिळं पडतं. वरून निघण्यापूर्वी खाली बसा, टाच मागे दाबा आणि घोट्याजवळची नाडी पुन्हा घट्ट आवळा. बूट नवे कोरे नकोत, हे वेगळं सांगायला नको.

पाणी माणशी तीन लिटर. त्यातलं एक लिटर उतरणीसाठी राखून ठेवा, कारण तोवर ऊन चढलेलं असतं.