सकाळच्या घाईतला नाश्ता रात्रीच अर्धा करा: मुगाची धिरडी

चहा-बिस्किटावर डोंबिवलीहून फास्ट पकडली, तर दादरपर्यंत काही जाणवत नाही. अकराच्या सुमाराला मात्र पोटात कावळे ओरडू लागतात आणि हात समोशाकडे जातो. बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल असतं, आणि मैदा-साखर पटकन पचते. प्रथिनं आणि चोथा असलेलं खाणं सावकाश पचतं, म्हणून पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सकाळी वेळ नसतो हे खरंच आहे, तेव्हा काम आदल्या दिवशी उरकावं. त्यासाठी हिरव्या मुगाच्या धिरड्यांइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

तीन माणसांसाठी सहा धिरडी होतात. १५० ग्रॅम अख्खे मूग आणि दोन चमचे तांदूळ सकाळी निघताना धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेल्या मुगाच्या पाण्याला संध्याकाळपर्यंत फेस येतो, वासही मारतो, म्हणून त्या दिवसांत पातेलं फ्रिजमध्येच ठेवा. तांदूळ वगळू नका. नुसत्या मुगाचं धिरडं मऊ पडतं आणि उलटताना फाटतं.

रात्री पाणी काढून टाका. इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं आणि साधारण पाऊण वाटी पाणी घालून मूग वाटा. मिक्सर रात्रीच फिरवलेला बरा, सकाळी सहाला त्या आवाजाने अख्खं घर जागं होतं. पीठ पळीतून सलग धारेने पडायला हवं. मीठ मात्र सकाळी घाला. झाकणाच्या डब्यात हे पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं.

उठल्याउठल्या डबा बाहेर काढा, म्हणजे आंघोळ होईपर्यंत पिठाचा गारठा जातो. थंड पीठ घट्ट होतं आणि पसरत नाही. मीठ, चिरलेली कोथिंबीर आणि लागलं तर दोन चमचे पाणी घालून ढवळा.

बहुतेकांचं चुकतं ते तव्यावर. तवा धुरावेपर्यंत तापला, तर पीठ पडल्या जागी आळतं आणि पळीला चिकटून गोळा होऊन वर येतं. तवा थंड असेल, तर धिरडं बुडाला धरतं. तवा तापला की पाण्याचा हबका मारा, अर्ध्या कांद्याने तेल पुसून घ्या, आच मंद करा आणि मगच पीठ घाला. मधून बाहेर पसरवा, आच मध्यम करा, झाकण ठेवून दीड मिनिट. कडा सुटल्या की उलटा, आणखी मिनिटभर. कडा सुटायच्या आधी उलथनं घातलं, तर तुकडे हातात येतात. दोन धिरड्यांतून माणशी साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

गाडीत किंवा ऑफिसात खायची असतील, तर गरम धिरडी डब्यात कोंबू नका. वाफ धरून लिबलिबीत होतात. जाळीवर तीन-चार मिनिटं निवू द्या, मग सुकी लसणाची चटणी लावून गुंडाळा. ओल्या नारळाची चटणी मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबते, ती घरी खा.

पोहे वाईट नाहीत, पण नुसत्या कांदेपोह्यांत प्रथिनं कमी. माणशी मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाणे घातले की सात-आठ ग्रॅमची भर पडते. वरून लिंबू पिळाच. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्या-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहाने नेमकं उलट होतं, म्हणून चहा नाश्त्याबरोबर न घेता तासाभराने घ्या. हे पाळणं सगळ्यांत अवघड, हेही मान्य.

पीठ संपलेल्या दिवशी रात्री उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवलेली दोन अंडी आणि एक केळं पुरे. अंडी घरीच खाऊन निघा. भरलेल्या डब्यात अंडं सोललं, तर शेजारचे काही बोलणार नाहीत, पण बघतील. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाण्याची वेळ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पाळा. औषध घेऊन उपाशीपोटी गाडीत उभं राहिलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते.