वजनदार पायलटने कमी खर्चात पॅराग्लायडर कसा निवडावा

शंभर किलोच्या आसपास वजन असलेला पायलट कामशेतला प्रशिक्षण संपवून स्वतःची विंग (पॅराग्लायडरचे कापडी पंख) शोधू लागला, की वापरलेल्या मालात परवडणारे पर्याय बरेच दिसतात, पण त्यांतले त्याच्या मापाचे थोडेच असतात. म्हणून किमतीआधी वजनाचा आकडा पक्का करावा. लेबलवर छापलेला वजनपट्टा केवळ शरीराचा नसतो. त्यात विंग, हार्नेस (पायलटची पट्ट्यांची बैठक), रिझर्व्ह (आणीबाणीचे पॅराशूट), हेल्मेट, बूट, कपडे आणि पाणी हे सारे धरलेले असते, आणि हा भार सहज १५ ते २० किलो भरतो. उड्डाणाच्या पूर्ण तयारीत, बॅग पाठीवर घेऊनच काट्यावर उभे राहावे.

समजा, काट्याने ११५ किलो दाखवले. ९५ ते ११५ किलोची विंग स्वस्तात मिळत असली, तरी थंडीत हिमाचलमधल्या बीर-बिलिंगला जाताना अंगावर चढणारे जाड जॅकेटही तुम्हाला पट्ट्याबाहेर नेईल. ईएन प्रमाणपत्राच्या (विंगच्या सुरक्षिततेच्या युरोपीय मानकाच्या) चाचण्या पट्ट्याच्या किमान आणि कमाल वजनावर घेतल्या जातात. त्यापलीकडे ‘ए’ किंवा ‘बी’ या सुरक्षा-श्रेणीच्या अक्षराला अर्थ उरत नाही. पट्ट्याबाहेर गेल्याने विंग लगेच फाटेल असे नव्हे, पण वेग वाढतो, वळणे तीव्र होतात आणि कोलॅप्सनंतरची (विंगचा भाग हवेत दुमडल्यानंतरची) प्रतिक्रिया अधिक झपाट्याची होते. त्यातच बिलिंगचा टेक-ऑफ सुमारे २,४०० मीटर उंचीवर असल्याने तिथल्या विरळ हवेत तीच विंग समुद्रसपाटीपेक्षा साधारण बारा टक्के अधिक वेगाने उडते. उलट, ११० ते १३० किलोच्या विंगवर तुम्ही पट्ट्याच्या तळाशी राहाल. मंद वाऱ्यात ती छान तरंगेल, पण जोरकस वाऱ्यात पुढे सरकणार नाही आणि थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) मऊ पडेल. १०० ते १२५ सारखा पट्टा मिळाला, तर तो उत्तम. प्रत्येक कंपनीचे ‘एल’ (लार्ज) माप वेगळे असते, त्यामुळे अक्षरावर विसंबू नये. एकट्याने उडण्यासाठी जुनी टँडम (दोघांसाठीची) विंग घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सरळ नाकारावा.

पैसे वाचवायचे असतील, तर मागच्या पिढीचे मॉडेल घ्यावे, मात्र लाइन्सच्या (विंगला हार्नेसशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) तपासणीत काटकसर करू नये. वापराने भार सोसणाऱ्या पुढच्या लाइन्स ताणल्या जातात आणि मागच्या आखडतात. परिणामी विंगचा समोरच्या हवेशी असलेला कोन वाढतो, ती मंदावते आणि पॅराशूटल स्टॉलकडे (पुढे न जाता सरळ खाली येण्याच्या स्थितीकडे) झुकते. मैदानावर हलक्या, स्थिर वाऱ्यात विंग उचलून पाहावी: ती डोक्यावर न येता मागेच रेंगाळत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा. कापडाची पोरॉसिटी (त्यातून हवा किती झिरपते) आणि लाइन्सची लांबी मोजलेला ताजा अहवाल विक्रेत्याकडे मागावा; तो नसल्यास तपासणीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

माझ्या मते, वाचलेली रक्कम रिझर्व्हवर घालावी आणि तो नवाच घ्यावा. त्याची कमाल भारमर्यादा तुमच्या एकूण वजनापेक्षा थोडी वरची असावी, कारण मर्यादेच्या काठावर उतरण्याचा वेग अधिक असतो आणि तो धक्का गुडघ्यांना व पाठीला बसतो. मोठा रिझर्व्ह जुन्या हार्नेसच्या कप्प्यात अनेकदा घट्ट बसतो; म्हणून हार्नेसचे पैसे देण्यापूर्वी तो छताला टांगून, त्यात बसून, हँडल स्वतः ओढावे आणि रिझर्व्ह एका झटक्यात मोकळा बाहेर येतो की नाही, हे पाहावे.